माफी मागायची कुणाकडे? अफगाण कादंबऱ्यांतला अपराध, मैत्री आणि परतफेड

प्रश्न: खालिद होसेनींची 'द काइट रनर' नुकतीच वाचून संपवली. त्यात काबूलमधल्या एका घरातला मालकाचा मुलगा अमीर, नोकराचा मुलगा हसन याच्यावर गल्लीत बलात्कार होत असताना गप्प बसतो आणि पुढे त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. अमीरने हसनशी जे केलं ते वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही. शेवटी तो हसनच्या मुलाला, सोहराबला, अमेरिकेत घेऊन येतो. पण एवढ्याने त्याचं पाप फिटलं का? यावरून आमच्या वाचनगटात सरळ दोन तट पडले. आणि एकूणच अफगाण लेखकांच्या गोष्टींत ही अपराधाची टोचणी इतकी का असते?

उत्तर:

माझ्या मते पाप फिटलेलं नाही, आणि होसेनींनी ते मुद्दाम फिटू दिलेलं नाही. तरीही अमीरचं काबूलला परत जाणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. या दोन गोष्टी एकदम कशा खऱ्या असू शकतात, ते नीट सांगायचं तर कादंबरीच्या आधी थोडं त्या समाजाकडे जावं लागेल. ही पुस्तकं मी बरीच वर्षं पुण्यात शिकवते आहे. वर्गात अफगाण विद्यार्थीही असायचे, आणि त्यांच्यामुळेच हे मला उलगडत गेलं.

मुस्लिम घरात वाढलेल्या मुलाला एक फरक लहानपणीच शिकवला जातो. नमाज चुकली, रोजा मोडला, तर तो अल्लाहचा हक्क बुडवला. मनापासून तोबा केली की अल्लाह माफ करतो. पण कुणाचं काही हिरावून घेतलं, कुणावर खोटा आळ घेतला, कुणाला मारलं, तर तो त्या माणसाचा हक्क बुडवला. याला हुकूकुल-इबाद म्हणतात. इथे अल्लाहसुद्धा परस्पर माफी देत नाही. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन, त्याचं त्याला परत करून, त्याच्या तोंडून माफी मिळवावी लागते. तो माणूस हयात नसेल तर बुडवलेला हक्क वारसाकडे जातो. खुनाच्या बाबतीत तर शरियतनुसार खुन्याला माफ करायचं की शिक्षा मागायची हे मारल्या गेलेल्याच्या वारसांनी ठरवायचं असतं.

पश्तून या अफगाणिस्तानातल्या मोठ्या जमातीच्या पश्तूनवलीत, म्हणजे परंपरागत रीतिनियमांतही, याच वळणाची एक रीत आहे, ननवाते. गुन्हेगार स्वतः, गावातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, कधी मेंढरू घेऊन, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. दारात आलेल्याला परत पाठवणं अब्रूला शोभत नाही, म्हणून सहसा तडजोड होते. या सगळ्यात मध्यस्थ असले तरी दोन माणसं समोरासमोर यावीच लागतात. एकांतात रडून किंवा दानधर्म करून हा हिशेब मिटत नाही.

आता याच्याशेजारी अफगाणिस्तानचा इतिहास ठेवा. 1973 मध्ये दाऊदने राजाला हटवलं, 1978 मध्ये कम्युनिस्टांचा उठाव झाला, 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या, 1992 पासून मुजाहिदीनांच्या गटांनी आपसांत लढून काबूलची राखरांगोळी केली, 1996 मध्ये तालिबान आले. लाखो माणसं पाकिस्तान, इराण, युरोप, अमेरिकेत पांगली आणि लाखो मेली. ज्याच्या दारात जाऊन माफी मागायची त्याचं घरच उरलं नाही, किंवा तो माणूस उरला नाही, किंवा मागणारा सातासमुद्रापलीकडे जाऊन बसला. माफीची रीत पक्की, पण ती पुरी करायला माणूसच जागेवर नाही. समकालीन अफगाण कथेतला अपराधभाव मला या अडकलेपणातून आलेला दिसतो. युद्धाने माणसं हळवी झाली एवढ्यावर त्याचं उत्तर संपत नाही.

फारसी जाणणाऱ्यांकडे यासाठी एक जुनी गोष्ट तयारच आहे. फिर्दौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात रुस्तम हा वीर रणांगणात न ओळखता आपल्याच मुलाला, सोहराबला, मारतो. ओळख पटल्यावर तो राजाकडे संजीवन औषध मागतो, राजा टाळाटाळ करतो आणि तेवढ्यात सोहराब मरतो. 'सोहराब मेल्यावर औषध' ही फारसीतली रोजच्या वापरातली म्हण आहे, आपल्या 'बैल गेला नि झोपा केला'सारखी, फक्त ऐकताना जास्त काळीज चिरणारी. लहानपणी डाळिंबाच्या झाडाखाली बसून अमीर हसनला शाहनामा वाचून दाखवतो, तेव्हा हसनला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच असते. पुढे तो स्वतःच्या मुलाचं नाव सोहराब ठेवतो. 1975 च्या हिवाळ्यात केलेल्या गुन्ह्याचं औषध घेऊन अमीर अमेरिकेतून 2001 मध्ये निघतो. तोवर हसनला तालिबानने त्याच्याच घरासमोर गोळी घातलेली असते.

अमीरच्या बाबतीत वाचक बहुतेकदा चुकीच्या प्रसंगावर बोट ठेवतात. गटात मत घेतलंत तर बहुतेक जण म्हणतील, सोहराबला ताब्यात ठेवणाऱ्या तालिबानी असेफकडून मार खाताना अमीरने परतफेड केली. बरगड्या मोडतात, ओठ हसनच्या जन्मतःच दुभंगलेल्या ओठासारखा फाटतो, आणि अमीर हसायला लागतो, कारण त्याला आतून बरं वाटतं. हा प्रसंग जबरदस्त आहे यात वाद नाही. पण त्याच्या आधीचा डाळिंबांचा प्रसंग काढून पुन्हा वाचा. बलात्काराच्या घटनेनंतर काही महिन्यांनी अमीर टेकडीवर हसनवर डाळिंबं फेकत सुटतो. हसनने उलट मारावं, आपल्याला शिक्षा द्यावी, एवढीच त्याची मागणी असते. हसन मारत नाही. तो एक डाळिंब उचलतो, स्वतःच्याच कपाळावर फोडतो आणि विचारतो, आता बरं वाटलं का? लाल रस चेहऱ्यावरून ओघळत असतो.

अमीरला तेव्हाही शिक्षा हवी होती, कारण शिक्षेने सुटल्यासारखं वाटतं. हसनने ती सुटका दिली नाही. ती सव्वीस वर्षांनी असेफकडून मिळाली. पण असेफ कोण? त्याच गल्लीत हसनवर अत्याचार करणारा. अमीरला शिक्षा देण्याचा त्याला काय अधिकार? म्हणून तो मार अमीरसाठी औषध असला तरी हसनच्या हिशेबात एक पैसाही जमा होत नाही. होसेनींना हे पुरतं ठाऊक आहे. त्या मारामारीनंतर कादंबरी संपवणं सोपं होतं, पण ते पुढे आणखी काही प्रकरणं लिहितात आणि त्यात अमीर पुन्हा एकदा शब्द मोडतो. अनाथाश्रमात कधीच पाठवणार नाही असं त्याने सोहराबला वचन दिलेलं असतं. कागदपत्रांची अडचण येते, वकील सल्ला देतो, आणि अमीर म्हणतो, थोडे दिवस राहशील का? त्या रात्री इस्लामाबादच्या हॉटेलात सोहराब बाथटबमध्ये मनगटं कापून घेतो.

नंतर इस्पितळात अमीर त्या पोराला विचारतो, तू मला माफ करशील का? माझ्या मते सगळ्या कादंबरीत अमीरने पहिल्यांदा योग्य माणसाला विचारलेला योग्य प्रश्न हाच. सोहराब हसनचा वारस आहे. माफ करण्याचा हक्क आता त्याचा, स्वतःवर झालेल्या अन्यायापुरता आणि बापाच्या वतीनेही. आणि सोहराब उत्तर देत नाही. तो जवळजवळ वर्षभर कुणाशीच बोलत नाही. शेवटी कॅलिफोर्नियातल्या बागेत पतंग उडवताना त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलतो, तेव्हा अमीर स्वतःच बजावून सांगतो की हे फक्त एक हसू आहे, याने सगळं ठीक झालं असं नाही.

मला स्वतःला परतफेडीचा प्रसंग म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेत परतल्यावर सासू-सासऱ्यांसोबतचं जेवण. अमीरचा सासरा, जनरल ताहेरी, अब्रूदार पश्तून. तो विचारतो, लोक विचारतील की हा हजारा (अफगाणिस्तानात खालची मानली गेलेली जमात) पोरगा तुमच्या घरी कसा, तर मी काय सांगू? अमीर सगळ्यांसमोर सांगतो की माझ्या बापाने नोकराच्या बायकोशी संबंध ठेवला, त्यातून हसन झाला, हा हसनचा मुलगा, माझा पुतण्या आहे. आणि यापुढे माझ्यादेखत याला 'हजारा पोरगा' म्हणायचं नाही, याला नाव आहे. असेफच्या खोलीत अमीरचं शरीर पणाला लागलं होतं. इथे बापाची इभ्रत, स्वतःचं घराणं, स्थलांतरित अफगाणांच्या छोट्या जगातली पत, सगळं पणाला लागतं. पश्तून माणसाला मोडलेल्या बरगड्या परवडतात, घराण्याची नाचक्की परवडत नाही. शिवाय मूळ गुन्हा काय होता? गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गप्प बसणं. त्या गप्प बसण्याचं उत्तर बोलण्यानेच दिलं गेलं, आणि तेही आपल्याच लोकांत बसून. हे पान वाचक भरभर उलटतात याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

एक बारीक जागा दाखवते. लहानपणी अमीरने हसनच्या गादीखाली घड्याळ आणि पैसे ठेवून चोरीचा आळ आणला होता. अमीरच्या वडिलांनी, बाबाने, विचारल्यावर हसनने 'हो, मी घेतले' म्हणून तो आळ आपल्या अंगावर घेतला. 2001 मध्ये काबूलच्या वाटेवर अमीर वहीद नावाच्या एका गरीब माणसाच्या घरी रात्र काढतो. त्या घरातली मुलं उपाशी राहून पाहुण्याला जेवू घालतात. सकाळी निघताना अमीर कुणाचं लक्ष नाही असं पाहून गादीखाली नोटांचा चुरगळलेला गठ्ठा ठेवतो. हातांची हालचाल तीच, हेतू उलटा. पण ज्या घरात पैसे ठेवले ते हसनचं घर नाही! होसेनी ही बोच तशीच राहू देतात.

बाबाचं प्रकरण याहून अवघड आहे आणि तिथे माझं बाबाच्या जुन्या मित्राशी, रहीम खानशी, पटत नाही. रहीम खान पत्रात अमीरला समजावतो की तुझ्या बापालाही टोचणी होती. त्याने अनाथाश्रम बांधला, गरिबांना अन्न घातलं, मित्रांना पैसे दिले, ती त्याची परतफेडच होती, आणि अपराधातून चांगलं काम उभं राहणं हीच खरी मुक्ती. बरेच वाचक हे वाक्य अधोरेखित करतात. मला ते सांत्वन वाटतं, न्याय वाटत नाही. बाबाने नोकर अली, ज्याला हसन आपला बाप समजत होता, आणि हसन यांच्याकडून सत्य हिरावलं. अलीची बायको, अलीचा मान, हसनचा बाप. यातलं एकही त्याने त्या दोघांना परत केलं नाही. ज्या अनाथांचं त्याने काही बिघडवलं नव्हतं त्यांच्यासाठी मात्र इमारत उभी केली. 'चोरी हेच एकमेव पाप, बाकी सगळी पापं चोरीचीच रूपं' असं तो मुलाला शिकवतो, आणि स्वतःची चोरी मरेपर्यंत कबूल करत नाही. पुढे त्याचाच नातू काबूलच्या दुसऱ्या एका अनाथाश्रमातून तालिबानी अधिकाऱ्याला विकला जातो. याहून कठोर निकाल लेखकाने द्यायचा तरी कसा?

आता मैत्री. तुमच्या गटात कोणी 'अमीर-हसनची जिवाभावाची मैत्री' म्हटलं असेल तर त्यांना थांबवून विचारा, अमीर हसनला मित्र म्हणतो का? पुस्तकात तो स्पष्ट सांगतो की बाबाने कधी अलीला मित्र म्हटलं नाही आणि मीही हसनला कधी तसं मानलं नाही. एकीकडे पश्तून, सुन्नी, मालकाचा मुलगा. दुसरीकडे हजारा, शिया, गड्याचा मुलगा. एकाच दाईचं दूध प्यालेले, पण एक काबूलच्या वझीर अकबर खान या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात झोपतो, दुसरा आवारातल्या मातीच्या खोलीत. या भेदाला इतिहास आहे. अफगाणिस्तानचा राजा अमीर अब्दुर रहमान याने 1890 च्या दशकात हजारांच्या हजाराजात प्रदेशावर मोहिमा काढल्या, माणसं मारली, जमिनी घेतल्या, स्त्रिया-मुलांना गुलाम म्हणून विकलं. 1998 च्या ऑगस्टमध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ घेतलं तेव्हा घरोघर फिरून हजारांना मारलं. गल्लीत अमीर मागे फिरतो तेव्हा त्याच्या मनात एक विचार चमकून जातो, की तो शेवटी हजाराच तर आहे. भेकडपणाच्या आत एवढं दडलेलं आहे.

माझ्या वर्गात एका हजारा विद्यार्थ्याने सगळ्यांना गप्प केलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हा सगळ्यांना हसन आवडतो कारण तो रागावत नाही. माझ्या घरात असा माणूस मी पाहिला नाही." वर्गातला एक पश्तून मुलगा यावर मान खाली घालून बसून राहिला. त्या दिवसापासून मी हसनविषयी वेगळं शिकवते. हसनचा आवाज आपल्याला फार थोडा ऐकू येतो: एक पत्र, आणि रहीम खानने सांगितलेली हकिकत. बाकी सगळा हसन अमीरच्या पश्चात्तापातून गाळून आलेला आहे. पश्चात्ताप झालेला माणूस ज्याचा गुन्हा केला त्याला देव करून ठेवतो, म्हणजे त्याच्या रागाला सामोरं जावं लागत नाही. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाने तरी हे लगेच ओळखायला हवं. वाड्यावरच्या गड्याचं प्रेम वाड्याने सांगितलेलं आपण पुष्कळ ऐकलं होतं, मग गड्याच्या मुलांनी स्वतः लिहिलं तेव्हा गोष्ट किती बदलली! हजारा लेखकांचं लेखन म्हणूनच शोधून वाचा. मोहम्मद हुसैन मोहम्मदींच्या फारसी कथांत मझारचं तेच जग आतून दिसतं, तिथे बंगल्यातल्या खिडकीतून पाहणारा निवेदक नाही.

बरोबरीतली मैत्री होसेनींना दुसऱ्या कादंबरीत साधली, 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स'मध्ये. 2007 चं हे पुस्तक. मरियम आणि लैला एकाच नवऱ्याच्या दोन बायका, सुरुवातीला एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. मैत्रीची सुरुवात कुठून होते? मरियमने स्वतःच्या न जन्मलेल्या बाळांसाठी शिवलेले कपडे ती लैलाच्या मुलीला देते. मग रात्री अंगणात बसून दोघी चहा पितात. दोघींत कुणी मालक नाही, दोघींच्या पाठीवर एकाच पट्ट्याचे वळ. मरियम पुढे लैलाला वाचवताना नवऱ्याला, रशीदला, फावड्याने मारते, लैलाला मुलांसह पळवून लावते, गुन्हा एकटीच्या माथी घेते आणि काबूलच्या गाझी स्टेडियमवर मारली जाते. हसननेही दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला होता. पण हसनने घेतला तो अमीर खोटा वागला म्हणून. मरियमने घेतला तो समजून-उमजून, स्वतः ठरवून.

या कादंबरीतला मरियमचा बाप, जलील, माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळचा आहे. अनौरस मुलगी म्हणून मरियम हेरात शहराबाहेर झोपडीत वाढते. पंधराव्या वाढदिवसाला तिला बापाच्या थिएटरात पिनोकिओ पाहायचा असतो. बाप येत नाही, म्हणून ती चालत त्याच्या दारात जाते, आणि तो घरात असून बाहेर येत नाही. रात्रभर ती रस्त्यावर झोपते. परत येते तर आईने गळफास घेतलेला. कित्येक वर्षांनी म्हातारा जलील काबूलला येऊन मरियमच्या घराबाहेर गाडीत बसून राहतो, आणि आता ती बाहेर येत नाही. ननवातेची रीत पुरी व्हायला दोघं समोरासमोर येणं लागतं, आणि इथे दोन वेळा दार आहे, माणूसही आत आहे, फक्त दार उघडत नाही. पहिल्यांदा बापाच्या भित्रेपणामुळे, दुसऱ्यांदा मुलीच्या हक्कामुळे. मरियमने बाहेर यायला हवं होतं असं म्हणणारे वाचक मला भेटतात. माफी न देणं हाही बुडवलेल्याचा हक्क आहे, तो तिला द्या.

जलीलने मागे ठेवलेली पेटी मरियमच्या मृत्यूनंतर लैलाला मिळते. त्यात पत्र, पैसे, आणि पिनोकिओची कॅसेट. लैला त्या पैशांतून, जिथे तिची मुलगी अझीझा काही काळ राहिली होती, तो अनाथाश्रम दुरुस्त करायला हातभार लावते. बाबाच्या अनाथाश्रमात आणि यात मला एक फरक दिसतो. इथे पैसा वारसाच्या हातात आला आणि काय करायचं ते वारसाने ठरवलं. गुन्हेगाराने स्वतःच्या समाधानासाठी ठरवलं नाही.

तिसऱ्या कादंबरीतला, 'अँड द माउंटन्स एकोड'मधला, इद्रिस सुखवस्तू वाचकाला सगळ्यात जास्त बोचेल. अमेरिकेतला अफगाण डॉक्टर काबूलला जातो, डोक्याला भयंकर जखम झालेल्या रोशी नावाच्या मुलीला वचन देतो की तुझं ऑपरेशन मी करवीन. घरी परतल्यावर नोकरी, घरातलं होम थिएटर, बायको-मुलं यांत ते वचन हळूहळू विरून जातं. कुठेही खलनायक नाही. पुढे रोशी मोठी होते, पुस्तक लिहिते, आणि सहीसाठी रांगेत उभा राहिलेल्या इद्रिसच्या प्रतीवर लिहून देते की काळजी करू नका, तुम्ही यात नाही. मला हे एक वाक्य संपूर्ण 'काइट रनर'पेक्षा जास्त निर्दय वाटतं. माफी नाही, शिक्षा नाही, त्या माणसाला गोष्टीतून वगळून टाकलं. परदेशात राहणाऱ्या अफगाणाची टोचणी होसेनींनी इतकी नेमकी दुसरीकडे कुठे पकडलेली नाही. ते स्वतः 1976 मध्ये वडिलांच्या राजनैतिक नोकरीमुळे पॅरिसला गेले, आणि काबूल पुन्हा पाहिलं ते 2003 मध्ये. म्हणजे अमीरचं परतणं त्यांनी स्वतः परतण्याआधी लिहिलं होतं.

फक्त होसेनी वाचून अफगाण साहित्याविषयी मत बनवू नका. ते इंग्रजीत, अमेरिकन वाचकासाठी लिहितात, आणि त्यांच्याकडे गोष्ट शेवटी कुठेतरी टेकते. अतीक रहीमींकडे ती टेकत नाही. रहीमी 1984 मध्ये अफगाणिस्तानातून निघाले, फ्रान्समध्ये आश्रय घेतला, आधी दरी भाषेत (अफगाणिस्तानातली फारसी) आणि नंतर फ्रेंचमध्ये लिहू लागले. 2008 मध्ये त्यांना गोंकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 2011 च्या कादंबरीत रसूल नावाचा काबूलमधला तरुण एका म्हाताऱ्या सावकारिणीला कुऱ्हाडीने मारतो. दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' वाचलेला आहे, म्हणून त्याला वाटतं की आता आपला छळ सुरू होईल, मग कबुली, मग शिक्षा, मग मुक्ती. पण हे 1990 च्या दशकातलं यादवीतलं काबूल. रोज रॉकेट पडताहेत, रस्त्यावर मुडदे आहेत. प्रेतही सापडत नाही. रसूल स्वतः जाऊन सांगतो की मी खुनी आहे, माझ्यावर खटला चालवा, आणि कुणाला त्यात रस नसतो. जिथे सगळेच मारताहेत तिथे एकाच्या सदसद्विवेकबुद्धीने कुणाचं काय अडतं?

हे कल्पनेतलं वाटेल, पण वास्तव फार वेगळं नाही. 2005 मध्ये अफगाणिस्तानच्या मानवी हक्क आयोगाने देशभर लोकांना विचारून एक अहवाल काढला. त्यात 69 टक्के लोकांनी सांगितलं की आपण स्वतः किंवा आपलं जवळचं कुणी अत्याचारांना थेट बळी पडलं आहे. आणि 2007 मध्ये संसदेने, जिथे जुने सेनानी स्वतः बसलेले होते, राष्ट्रीय समेटाच्या नावाने युद्धातल्या सगळ्या गटांना सरसकट माफी देणारा कायदा संमत केला. विरोध झाल्यावर त्यात एक कलम घातलं गेलं की व्यक्तीचा स्वतःचा हक्क, म्हणजे वर सांगितलेला तोच हक्क, या माफीने बुडत नाही. कागदावर तो हक्क राहिला. तो घेऊन जायचं कुठे, हे मात्र कुणी सांगितलं नाही. रसूल ज्या कचेरीत भटकतो ती मला याच कायद्याच्या आसपास दिसते.

रहीमींची 'खाकस्तर ओ खाक' ही दरीतली छोटी कादंबरी आहे, इंग्रजीत 'अर्थ अँड ॲशेस'. बॉम्बहल्ल्यात गाव गेलं, कुटुंब गेलं. म्हातारा दस्तगीर नातवाला घेऊन कोळशाच्या खाणीत कामाला असलेल्या मुलाला ही बातमी सांगायला निघाला आहे. नातू यासीन स्फोटाने बहिरा झाला आहे, पण त्याला ते कळलेलं नाही; त्याला वाटतं रणगाड्यांनी सगळ्यांचे आवाज नेले. दस्तगीरने काही गुन्हा केलेला नाही. जिवंत राहिलो आणि आता मुलाच्या काळजात सुरी खुपसायला निघालो, एवढाच त्याचा अपराध. सगळी कादंबरी 'तू'ला उद्देशून लिहिलेली आहे, त्यामुळे त्या पुलाशेजारी, धुळीत, ट्रकची वाट पाहत वाचकालाच बसावं लागतं. एका बैठकीत वाचून होते.

याच 'तू'चा वापर पुढच्या पिढीतल्या जमील जान कोचाईंनी केला आहे. त्यांचा जन्म पेशावरच्या निर्वासित छावणीतला, वाढले अमेरिकेत, मूळ घर अफगाणिस्तानच्या लोगर प्रांतातलं. त्यांच्या एका कथेत अफगाण-अमेरिकन मुलगा 1980 च्या दशकातल्या अफगाणिस्तानात घडणारा व्हिडिओ गेम खेळत बसतो आणि गेमच्या आत त्याला वडिलांचं गाव सापडतं. तरुण वडील दिसतात, आणि सोव्हिएत सैनिकांच्या हातून मेलेला लहान काका वतकही दिसतो, अजून जिवंत. मुलगा जिवाच्या आकांताने दोघांना वाचवायला धावतो. बाहेर दारावर घरचे हाका मारत असतात. वडिलांची टोचणी वारशाने मुलाकडे आली आहे. आणि त्याने ज्याचा कधी अपराध केला नाही त्याच्या दारात तो गेमचा रिमोट हातात धरून उभा आहे. 2022 च्या 'द हॉन्टिंग ऑफ हाजी होतक' या संग्रहातली ही पहिली कथा.

तुमच्या गटासाठी माझी सुचवणी अशी. पुढच्या वेळी 'अर्थ अँड ॲशेस' आणि कोचाईंची ही कथा एकत्र घ्या; दोन्ही मिळून तुमच्या हातातल्या कादंबरीच्या पाव भागाएवढीही होणार नाहीत. त्यानंतर 'माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड' घ्या. 2022 मध्ये आलेल्या या संग्रहात दरी आणि पश्तोत लिहिणाऱ्या 18 अफगाण स्त्रियांच्या कथा आहेत. काबूल 2021 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तालिबानच्या ताब्यात गेलं तेव्हा यातल्या बऱ्याच जणी देशातच होत्या. त्यांच्या कथांत परत येणारा कुणी अमीर नाही. घरात, शाळेत, नोकरीच्या वाटेवर जे घडतं ते तिथेच राहून लिहिलेलं आहे. दोन्ही तटांना मग एकच प्रश्न घाला: या कथेत कुणाचं कुणी काय बुडवलं, आणि ते मागायला कोण जिवंत आहे? त्या प्रश्नाने 'काइट रनर'सुद्धा पुन्हा चाळा, विशेषतः जनरलसोबतचं ते जेवण.